पांढऱ्या भिंतीची रेषा

थोरला चौदा महिन्यांनी घरी येणार होता, आणि आत्या सकाळपासून एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होत्या.

"आत्या, त्याचं बूड निघेल आता," थोरल्याची बायको म्हणाली. ती आदल्या दिवशीच पुढे आली होती. नवऱ्याने या घराचा उंबरा ओलांडायचं सोडलं तरी तिने सोडलं नव्हतं. दर महिन्याला एकटीच बसने यायची, दोन दिवस राहायची, आणि इकडची खुशाली तिकडे, तिकडची इकडे अशी पोचवायची, की कुणी विचारलंय असं वाटू नये आणि कुणाला कळल्यावाचूनही राहू नये.

"हाताला काहीतरी हवं गं," आत्या म्हणाल्या. "तात्या काय करतोय?"

"खिडकीत बसलेत. समुद्राकडे बघताहेत."

"आणि धाकटी?"

"खाली बोटीवर. इंजिनात डोकं घालून बसली आहे. इंजिनाला काहीही झालेलं नाही."

आत्यांनी पातेलं पालथं घातलं. तात्या त्यांचा धाकटा भाऊ. शहात्तर वर्षांचा झाला होता, तरी त्याचा राग कुठल्या खोलीत बसलाय हे त्यांना भिंतीआडूनही कळायचं. त्याच्या आधी बाप, बापाच्या आधी आजोबा, सगळे या बंदराचे वाटाडे. बाहेरून आलेली बोट बंदराच्या तोंडाशी थांबायची, घरातला माणूस होडीने जाऊन तिच्यावर चढायचा आणि वाळू चुकवत तिला आत आणायचा. दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला, तेव्हापासून ते काम त्यांच्या लेकीकडे, धाकटीकडे, आलं होतं.

थोरल्याने मात्र शिकून बंदर खात्यात नोकरी धरली होती. पाण्याची खोली मोजायची, नकाशे करायचे. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं, चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत. तेव्हा खात्याने त्याला स्वतःच्याच गावचं बंदर मोजायला पाठवलं. त्याने मोजलं आणि अहवालात लिहिलं की बंदरात यायची वाट गाळाने भरली आहे, ओहोटीला तिथे मीटर-सव्वामीटरच पाणी उरतं. मग बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात गावाची सभा झाली. तात्या सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "हा माझा मुलगा आहे आणि हा खोटं लिहितो आहे." थोरला खाली बघत उभा राहिला आणि त्याच दुपारच्या बसने निघून गेला.

आज त्या अहवालाचा निकाल होता. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी ओहोटी अगदी तळाला असणार होती. त्या वेळी खात्याची मालवाहू बोट बंदरात शिरून बघणार होती. शिरली तर बंदर यादीत राहणार. रुतली तर नाव कापलं जाणार. मग धक्क्याची डागडुजी बंद, दिवा बंद, आणि वर्ष-दोन वर्षांत बर्फाचा कारखाना, बोट दुरुस्तीची शेड, दोरखंडवाले, सगळेच सामान बांधून मोठ्या बंदराकडे निघणार.

"मी छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, हे गाव कसं वसलं ते," आत्या हात पुसत म्हणाल्या. "बंद कसं झालं ते सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये एवढंच."

थोरल्याच्या बायकोला ती गोष्ट पाठ होती. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात आत्यांनी सांगितली होती. इथे आधी काहीच नव्हतं; एक टेकडी, खाली अर्ध्या चंद्रासारखं शांत पाणी. वादळात शीड फाटलेलं एक गलबत आडोशाला आलं, दुरुस्तीला तीन महिने लागले, आणि तेवढ्यात त्यावरच्या सुताराने टेकडीवर खोली बांधली. तोच या घराचा मूळपुरुष. त्याची बायको धुतलेल्या चादरी समुद्राकडच्या भिंतीवर वाळत घालायची. मासे धरून परतणाऱ्यांच्या लक्षात आलं, की धक्क्याच्या टोकाचा कंदील आणि वरच्या चादरी एका रेषेत ठेवल्या की होडी कुठेही न घासता आत येते. पुढे ती म्हातारी झाली, चादरी उचलवेनात, तेव्हा तिने ती भिंतच चुन्याने रंगवून घेतली. छापील नकाशावरसुद्धा आली ती भिंत. एक ठिपका आणि पुढे दोन शब्द: पांढरी भिंत.

थोरल्याच्या बायकोचं माहेर समुद्रापासून लांब, सपाट प्रदेशात. इथे आल्यावर तिला पहिल्यांदा नवल वाटलं होतं ते दुकानांच्या दारांवरच्या पाट्यांचं. 'पाणी चढल्यावर उघडेल.' घड्याळाची वेळ कुणी लिहीतच नसे. आणि घरांचे रंग. बोट रंगवून उरलेला रंग वाया का घालवायचा म्हणून लोक तो दारा-खिडक्यांना लावत. त्यामुळे धक्क्यावर उभं राहिलं की कुठली बोट कुठल्या घरची हे न विचारता कळायचं. उतरत्या पायऱ्यांच्या गल्ल्या, डांबराचा आणि ओल्या दोराचा वास, आणि कुठल्याही गल्लीच्या शेवटी पाण्याचा तुकडा. नवरा इथे यायचा बंद झाला तेव्हा तिला नवऱ्याइतकंच या गावाचंही वाईट वाटलं होतं. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

दार वाजलं. घरचं माणूस दार वाजवत नाही.

थोरला आत आला. हातात नकाशांची लांब नळी. चेहरा उतरलेला, दाढी नीट केलेली. आत्यांच्या पाया पडायला वाकला तसा त्यांनी त्याला दंडाला धरून मध्येच उभं केलं आणि नुसतं बघत राहिल्या.

"वाळलास," त्या म्हणाल्या.

"तुम्ही दर वेळी हेच म्हणता."

"दर वेळी म्हणायला तू येतोस कुठे."

पुढच्या खोलीतून तात्यांचा आवाज आला. "साहेब आले वाटतं. खुर्ची द्या साहेबांना."

थोरल्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणजे राहू दे, आणि तो आत गेला. ती मात्र दाराबाहेरच्या पायऱ्यांवरून खाली वाकून ओरडली, "वन्सं, वर या. इंजिन पळून नाही जात."

धाकटी वर आली तेव्हा भाऊ टेबलाशी उभा होता आणि वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिने तेलकट हात फडक्याला पुसले, पुसतच राहिली. भावाच्या नजरेला नजर देणं तिला जड जात होतं, आणि त्याचं कारण या घरात तिला एकटीलाच माहीत होतं, असं ती आजवर समजत होती.

"कसा आहेस दादा?"

"बरा. बस. मला तुझ्याशी काम आहे. तात्यांशीही आहे."

"माझ्याशी कसलं काम," तात्या खिडकीलाच म्हणाले. "तुझं काम झालं की. लिहिलंस, सही केलीस. आज बोट आणून रुतवा म्हणजे पुरावाही होईल."

"तात्या, ते आज बोट आणणारच नव्हते." थोरल्याने आवाज चढवला नाही. "कागदावरूनच बंद करत होते. गेल्या महिन्यात फाईल सहीला गेली होती. मी मुख्य अभियंत्यांच्या दारात दोन दिवस बसलो. म्हटलं, एकदा बोट आणून बघा आणि मग काय ते ठरवा. मोठ्या मिनतवारीने तयार झाले ते."

तात्यांनी मान वळवली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"का? तुझ्या मापाप्रमाणे ती रुतणारच ना."

"भिंतीच्या रेषेवरून आली तर रुतणारच. शंभर टक्के. तिचा तळ पाण्याखाली पावणेतीन मीटर जातो आणि तिथे पाणी आहे एक मीटर वीस." त्याने नळीतून नकाशा काढून टेबलावर पसरला. कोपऱ्यांवर ठेवायला आत्यांनी न बोलता चार कप आणून दिले. "पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. दोन वर्षांत या बंदरात तीनशेच्या वर बोटी आल्या. बर्फ न्यायला येतात, दुरुस्तीला येतात. ओहोटीलाही येतात. एकही रुतल्याची नोंद नाही. वाट भरली आहे, तर या बोटी येतात कुठून?"

खाली धक्क्यावर कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं.

"मी खात्याच्या नियमाप्रमाणे नकाशावरच्या रेषेवर मोजलं," थोरला म्हणाला. "बाजूचं मोजायला मला दिवसच दिले नाहीत. पण बोटी आणते ती तू. तुला माहीत असणार."

धाकटीला आता वडिलांकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलंच. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ तिला आठवली. वाटाड्या म्हणून पहिला आठवडा. भिंत आणि दिवा अगदी एका रेषेत धरून ती एक बोट आणत होती आणि खालून तळ घासल्याचा आवाज आला. दैव बरं, भरतीचं पाणी होतं, बोट सुटली. त्यानंतर सबंध महिनाभर ती पहाटे होडी घेऊन जायची, शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून जागोजागी खोली मोजायची. तिला दुसरी वाट सापडली. पण तात्यांनी नुकतंच काम सोडलं होतं. ज्या भिंतीला चार पिढ्यांनी दरवर्षी चुना दिला ती आता निरुपयोगी झाली, हे त्यांना सांगणारी आपण पहिली, असं व्हायला नको होतं तिला. मग दादाने तेच लिहिलं. सभेत तात्या त्याला खोटा म्हणाले, आणि ती दुसऱ्या रांगेत बसून होती. उठली नाही.

"आहे," ती म्हणाली. "उत्तरेकडून आहे, दादा. काळा खडक उजव्या हाताला ठेवायचा."

"किती जवळून?"

"तीन होड्यांचं अंतर," तात्या म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"खडकापासून तीन होड्या," ते पुन्हा म्हणाले, हळू. "दोन वाव पाणी असतं तिथे. म्हणजे साडेतीन मीटर. ओहोटीलाही."

धाकटीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"काम सोडायच्या आधीची तीन वर्षं मी तिकडूनच आणत होतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू भिंतीच्या रेषेने जाशील आणि रुतशील म्हणून पहिला महिनाभर मी या खिडकीत जीव मुठीत धरून बसलो होतो. मग बघितलं तर तू आपली आपणच उत्तरेकडे वळलीस. म्हटलं, बरं झालं. आता बोलायलाच नको." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "तू तरी कुठे सांगितलंस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"हं," तात्या म्हणाले.

थोरला खुर्चीवर बसला. तो रागावेल असं त्याच्या बायकोला वाटलं. रागावला असता तर तिने अडवलंही नसतं. पण तो बोलला तेव्हा आवाज थकलेला होता.

"म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. मी लिहिलं ते खरं आहे हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि चौदा महिने मी रोज उठून विचार करतोय, की माझंच माप चुकलं असेल का."

"दादा, मी..." धाकटीने सुरुवात केली.

"त्याला आधी वाट दाखवा," आत्या मधेच म्हणाल्या. वर्ग आवरायचा तोच आवाज. "रडायचं, भांडायचं ते मागून. दोन वाजायला किती अवकाश आहे ते बघा."

थोरल्याने पेन्सिल उचलली. "खुणा सांगा. मागची कुठली, पुढची कुठली?"

"शाळेची पाण्याची टाकी," धाकटी म्हणाली, "आणि तिच्याखाली डिझेलचा पंप."

"छे," तात्या म्हणाले. "कारखान्याची चिमणी आणि दुरुस्तीच्या शेडचं टोक."

थोरल्याने आधी बहिणीची रेघ ओढली. टाकी, पंप, आणि तिथून सरळ समुद्रात. मग वडिलांची. पट्टी उचलली आणि तो नुसता बघत राहिला. दोन्ही रेघा काळ्या खडकाच्या बाजूने इतक्या जवळून जात होत्या, की मध्ये पेन्सिलीचं टोकही मावत नव्हतं. एकमेकांना काही न सांगता, वेगवेगळ्या खुणा धरून दोघांनी एकच वाट काढली होती.

"तू जरा डावीकडे राहतेस," तात्या नकाशावर वाकून म्हणाले. केव्हा उठून आले ते कुणाला कळलं नव्हतं.

"उजवीकडे पाण्याखाली एक दगड आहे."

"माहीत आहे मला तो दगड."

थोरल्याच्या बायकोला हसू आलं. तिने तोंडावर पदर धरला, पण उशीर झाला होता. आधी आत्या हसल्या, मग धाकटी डोळे पुसतच हसायला लागली.

दीड वाजता तिघं होडीतून निघाले. तात्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. खात्याची बोट बंदराच्या तोंडाशी उभी होती. शिडीच्या पहिल्या पायरीवर तात्या थांबले, तेव्हा थोरल्याने खालून खांद्याचा आधार दिला आणि वरून धाकटीने हात. मुख्य अभियंता कठड्याशी उभा होता. म्हातारा बघून त्याने भुवया उंचावल्या.

"हे कोण?"

"या बंदराचे वाटाडे," थोरला म्हणाला. "आणि साहेब, आपण नकाशावरच्या रेषेने जाणार नाही. तिथे गाळ आहे, माझ्या अहवालाप्रमाणेच. दुसरी वाट आहे. मी आज सकाळी आखली."

"मोजलीय?"

"मी नाही. या दोघांनी. पाच वर्षं."

अभियंत्याने घड्याळ पाहिलं, ओहोटीने उघडा पडलेला वाळूचा दांडा पाहिला. "रुतलो तर तुम्ही उत्तर द्यायचं," तो म्हणाला.

"देईन."

धाकटीने चाक हातात घेतलं. थोरला खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेसमोर उभा राहून आकडे वाचू लागला. सहा मीटर. पाच. पाच. आयुष्यभर त्याने असे आकडे वाचले होते, आणि आज प्रत्येक आकडा तो दोनदा बघत होता. चार मीटर तीस. काळा खडक उजवीकडून जवळ येत होता, त्यावरचं शेवाळही दिसायला लागलं. टेकडीवरचं त्यांचं घर बरंच बाजूला राहिलं होतं. या बाजूने घराकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"तीन सत्तर," तो म्हणाला. "तीन चाळीस."

अभियंता जवळ येऊन उभा राहिला.

"तीन दहा."

"डावीकडे जाऊ नकोस आता," तात्या चाकाच्या मागून म्हणाले. "दगडाला भिऊ नकोस. पाणी त्याच्याच अंगाला आहे."

धाकटी क्षणभर घुटमळली. दोन वर्षं ती तो दगड टाळत आली होती. तिने चाक उजवीकडे दिलं. बोट खडकाकडे कलल्यासारखी झाली.

थोरल्याला काचेवरून डोळे उचलायचे नव्हते. तीन दहा. तीन दहा. तीन वीस. मग तीन साठ.

"चार," तो म्हणाला. पुन्हा पाहिलं. "चार ऐंशी. आत आलो."

धाकटीने चाक सोडलं नाही, पण तिचे खांदे उतरलेले मागून दिसले. धक्क्यावर लोक उभे होते. कुणी ओरडलं नाही. दोरखंडवाल्याने आपली टोपी काढली आणि परत घातली, एवढंच. अभियंत्याने कागद पुढे ओढून दोन ओळी लिहिल्या. "बंदर यादीत राहील," तो म्हणाला. "नव्या वाटेचा रीतसर नकाशा लागेल. तीन आठवडे देतो. तुम्हीच करा."

बोट बांधल्यावर तात्या घराकडे निघाले नाहीत. ते धक्क्यावरून सरळ कारखान्याकडे चालू लागले. बर्फाच्या लाद्या बाहेर ओढणारी माणसं त्यांना पाहून थांबली. मागोमाग धक्क्यावरचे लोक आले, टेकडीवरून आत्या आणि सून उतरून आल्या. तात्या अंगणाच्या मधोमध उभे राहिले. दम लागला होता, तो बसेपर्यंत थांबले.

"मागच्या वर्षी मी इथे माझ्या मुलाला खोटा म्हटलं," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. आज परत ऐका. त्याने लिहिलं ते खरं होतं. वाट भरली आहे, आमच्या भिंतीचा आता काही उपयोग नाही, आणि हे मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. मला ते बोलवेना, म्हणून मी त्याच्यावर ढकललं. चारचौघांत म्हटलं होतं, चारचौघांतच परत घेतो."

धाकटी गर्दीतून पुढे आली आणि वडिलांशेजारी उभी राहिली. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मी इथेच बसले होते आणि उठले नाही."

थोरला वडिलांजवळ गेला. "तात्या, बसा आता. पाय थरथरताहेत तुमचे."

"थरथरू देत."

बर्फवाल्याने एक पेटी उलटी करून आणली. तात्या बसले. आत्या लांबूनच बघत होत्या. चौदा महिने छातीवर असलेलं ओझं उतरलं तरी माणसाला लगेच हलकं वाटत नाही, आधी दमल्यासारखंच होतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला.

घरी परतताना तात्यांनी पायऱ्यांवर मुलाचा दंड धरला. दहा-बारा पायऱ्या दोघं तसेच चढले.

"तीन आठवडे राहणार म्हणजे," तात्या म्हणाले.

"हो. ही पण राहील म्हणते."

"माप कधी सुरू करणार?"

"उद्या ओहोटी तीनला आहे. एक वाजता निघू."

"साडेबाराला निघा. खडकाच्या मागची बाजू तुझ्या बहिणीलाही माहीत नाही. ती मी दाखवतो."

"तुम्हाला शिडी जमेल का रोज?"

"आज जमली," तात्या म्हणाले, आणि मुलाचा दंड न सोडता ते पुढची पायरी चढले.